वारा कुणाकडे, बेट कुणाकडे : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात समुद्रावरच्या लढायांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा असं म्हटलं होतं, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतकं आलं की सगळ्यांना उत्तर देणं एका अंकात शक्यच नाही. पण त्यातली पाच पत्रं अशी निघाली की फिरून फिरून एकाच बेटापाशी, म्हणजे मॉरिशसपाशी येतात, म्हणून ती एकत्र घेतेय. बाकीच्यांची पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न : ताई, मी कादंबरी लिहितोय. दोन काल्पनिक साम्राज्यं, मधे एक बेट, बेटावर उसाचे मळे, आणि दोघांची आरमारं त्या बेटासाठी भिडतात. दोनशे पानं झाली. मित्राने वाचली आणि म्हणाला, लढाया खऱ्या वाटत नाहीत. कुठे चुकतंय ते कळत नाहीये. तीन प्रकरणं सोबत पाठवतोय.
(एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमची तिन्ही प्रकरणं मी दोनदा वाचली. माणसं मस्त उभी राहिलीत, तो म्हातारा तांडेल तर फारच आवडला. पण तुमची जहाजं मोटारीसारखी चालतात हो. कप्तानाच्या मनात आलं की उत्तरेला, मनात आलं की गर्रकन मागे. शिडाच्या जहाजाला आधी वारा बघावा लागतो, मग खाली पाणी किती आहे ते बघावं लागतं, आणि शत्रूचा नंबर त्यानंतर लागतो. तुमच्या अख्ख्या पहिल्या लढाईत वाऱ्याची दिशा एकदाही येत नाही.

तुमच्या कथेसारखी खरी घडलेली लढाई सांगते, तिच्यावरून तुमचं तुम्हालाच कळेल. मॉरिशस, ऑगस्ट १८१०. तेव्हा बेट फ्रेंचांकडे होतं आणि नाव होतं इल द फ्रान्स. शेजारचं रियुनियन (तेव्हाचं इल बोनापार्त) जुलैमध्येच ब्रिटिशांनी घेतलेलं. आता मोठ्या बेटाची पाळी होती. बेटाच्या आग्नेयेला ग्रँड पोर्ट नावाचं बंदर आहे, समोर प्रवाळाच्या खडकांची रांग, त्या रांगेत एक अरुंद वाट, आणि वाटेच्या तोंडावर इल द ला पास नावाचा एवढुस्सा खडकाळ तुकडा, त्यावर किल्ला. १३ ऑगस्टच्या रात्री ब्रिटिश खलाशी होड्यांतून गेले आणि तो किल्ला घेतला. आणि घेतल्यावर काय केलं तर फ्रेंच झेंडा तसाच वर ठेवला.

आठवडाभराने, २० ऑगस्टला, फ्रेंच कप्तान द्यूपेरे मोहिमेवरून परत आला. बेलोन आणि मिनर्व्ह या दोन फ्रिगेट (म्हणजे चपळ लढाऊ जहाजं), व्हिक्टर नावाचं लहान जहाज आणि पकडून आणलेली ईस्ट इंडिया कंपनीची दोन व्यापारी जहाजं, विंडहॅम आणि सिलोन. किल्ल्यावर आपला झेंडा दिसतोय, मग काय, निघाले आत. ब्रिटिश कप्तान विलोबीने ती वाटेत शिरेपर्यंत वाट बघितली आणि तोफा डागल्या. आता हे नीट वाचा, कारण कादंबरीत असले क्षण लागतात. घाईघाईत फ्रेंच झेंडा उतरवला तो पेटत्या विस्तवावर पडला, कापड पेटलं, शेजारची काडतुसं भडकली आणि ज्यांनी सापळा लावला होता त्यांचीच माणसं होरपळली. त्या गोंधळात फ्रेंच जहाजं आत निसटली. एकटं विंडहॅम बाहेर राहिलं, ते दुसऱ्या दिवशी ब्रिटिशांनी परत मिळवलं.

म्हणजे शिकार पिंजऱ्यात आणि दार शिकाऱ्याच्या हातात. ब्रिटिशांकडे लवकरच चार फ्रिगेट जमल्या, सिरियस, मॅजिसिएन, इफिजिनिया आणि नेरीड. कागदावर ब्रिटिशच जड. पण त्या मोसमात तिथे आग्नेयेकडून सतत वारा असतो. त्या वाऱ्यावर ग्रँड पोर्टमध्ये शिरणं सोपं, बाहेर निघणं महाकठीण. आणि वाट दाखवणाऱ्या पाण्यातल्या खुणा द्यूपेरेने रात्रीत हलवून टाकल्या होत्या. खाडी माहीत असलेला वाटाड्या होता तो फक्त नेरीडवर.

२३ ऑगस्टला संध्याकाळी ब्रिटिश आत घुसले. सिरियस प्रवाळावर जाऊन बसली, तोफांचा मारा पोचणार नाही इतक्या लांब. मॅजिसिएन दुसऱ्या खडकावर चढली, आणि अशी वाकडी की मोजक्याच तोफा शत्रूकडे वळतील. इफिजिनिया जागेवर पोचली पण थोड्याच वेळात समोर उथळ पाणी आडवं आलं, पुढे सरकताच येईना. फ्रेंच जहाजांनी नांगराचे दोर तोडले आणि किनाऱ्याच्या वाळूवर जाऊन एका ओळीत बसली. मुद्दाम केलं असो की नाइलाजाने, फायदा झाला. आता त्यांना बुडायची भीती नाही, सगळ्या तोफा एकाच बाजूला, आणि किनाऱ्यावरून माणसं आणि दारूगोळा येतोय. राहिली एकटी नेरीड. गोळ्याने तिच्या नांगराचा दोर तुटला, ती फिरली आणि तिची पाठ बेलोनच्या तोफांसमोर आली. जहाजाची पाठ म्हणजे सगळ्यात कच्ची जागा, तिथून शिरलेला गोळा पार नाळेपर्यंत (जहाजाच्या पुढच्या टोकापर्यंत) माणसं कापत जातो. तिच्यावर पावणेतीनशेच्या वर माणसं होती, त्यातली दोनशेवीसच्या आसपास मेली किंवा जखमी झाली. तिचा कप्तान विलोबी, त्याचा एक डोळा लाकडाच्या ढलपीने गेला. द्यूपेरेच्याही तोंडावर मार बसला आणि पुढची लढाई बूवे नावाच्या कप्तानाने चालवली.

मॅजिसिएन आणि सिरियस ब्रिटिशांनी स्वतःच जाळल्या. इफिजिनियाचे हाल तुमच्या कादंबरीला फार उपयोगी पडतील बघा. उलट वाऱ्यात तिला बाहेर काढायचं म्हणजे होडीतून नांगर पुढे न्यायचा, टाकायचा, मग जहाजावरच्या माणसांनी दोर ओढून जहाज तिथवर सरकवायचं, की पुन्हा नांगर उचलायचा. वितावितानं. दिवसच्या दिवस हे करत ती इल द ला पासपर्यंत पोचली, तर बाहेरून पोर्ट लुई या बेटाच्या मुख्य बंदरातली फ्रेंच जहाजं येऊन उभी. शरणागती.

चारच्या चार फ्रिगेट गेल्या, आणि त्यातल्या तीन शत्रूच्या गोळ्यांपेक्षा खडकांनी आणि वाऱ्याने घालवल्या. तुम्ही आधी तुमच्या बेटाचा नकाशा काढा, वारा कुठून येतो तो बाण काढा, खडक कुठे, गोडं पाणी कुठे, किती बंदरं आणि कुठलं वाऱ्याच्या आडोशाला, हे सगळं ठरवा. मग लढाई लिहा.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या पुस्तकात आहे की ब्रिटिश आणि फ्रेंच भारतासाठी भांडले. मग ते एवढ्या लांबच्या छोट्या बेटासाठी का भांडले?
(एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : खूप चांगला प्रश्न विचारलास बाळा. नकाशा उघड आणि बोटाने इंग्लंडपासून आफ्रिकेच्या खालून वळसा घालत मुंबईपर्यंत ये. सुएझ कालवा तेव्हा नव्हताच, त्यामुळे प्रत्येक जहाज त्या वाटेने यायचं, महिनोन् महिने. त्या वाटेच्या बाजूला हे बेट. मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरच्या वर लांब, पण जहाजवाल्यांच्या दृष्टीने अगदी रस्त्यावरचं. ज्याच्याकडे बेट त्याला गोडं पाणी, लाकूड, दुरुस्ती, आणि दबा धरून बसायला जागा. ला बूर्दोने नावाच्या गव्हर्नरने तिथे पोर्ट लुई बंदर नीट बांधलं, आणि १७४६ मध्ये हाच माणूस तिथून आरमार घेऊन निघाला आणि त्याने मद्रास घेतलं! म्हणजे बेट लहान असलं तरी त्याचा हात कुठवर पोचतो बघ.

नंतर तिथून फ्रेंच खाजगी लढाऊ जहाजं निघायची, सरकारचा परवाना घेऊन शत्रूची व्यापारी जहाजं पकडणारी. त्यातला सुरकूफ फार गाजला. १८०० साली त्याने बंगालच्या उपसागरात केंट नावाचं कंपनीचं मोठं जहाज आपल्या कितीतरी लहान जहाजाने पकडलं. कंपनीची जहाजं इंग्लंडला काय न्यायची तर कापड, रेशीम, आणि बंगालचा सोरा, ज्याच्यापासून बंदुकीची दारू होते. सोरा अडला की युरोपातल्या लढाईलाच फटका. म्हणून लंडनला ते बेट डोळ्यात सलत होतं.

तुला एक गोष्ट सांगते, परीक्षेत येणार नाही पण लक्षात ठेव. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा करणारा मॅथ्यू फ्लिंडर्स १८०३ मध्ये जहाज खराब झालं म्हणून याच बेटावर थांबला. त्याचा परवाना दुसऱ्याच जहाजाच्या नावाचा होता, गव्हर्नर दकाँला संशय आला, आणि त्याने त्याला अडकवून ठेवलं ते जवळजवळ साडेसहा वर्षं. इतकं ते बेट संशयाने भरलेलं होतं.

प्रश्न : आम्ही दोघं मॉरिशसला जाऊन आलो. माहेबूरच्या म्युझियममध्ये गाइड म्हणाला इथे फ्रेंच जिंकले, पॅरिसच्या त्या मोठ्या कमानीवर नाव कोरलंय. मग बेट ब्रिटिशांकडे कसं गेलं? आणि ब्रिटिशांकडे गेलं तर लोक फ्रेंच का बोलतात? आमची ट्रिप संपली पण हे डोक्यातून जात नाही.
(एक जोडपं, ठाणे)

उत्तर : गाइडने बरोबर सांगितलं. आर्क द त्रियोंफवर ग्रँड पोर्टचं नाव आहे, नेपोलियनच्या काळातल्या समुद्रावरच्या विजयांपैकी हे एवढंच. आणि ज्या घरात तुम्ही फिरलात ना, त्याच घरात लढाईनंतर विलोबी आणि द्यूपेरे, दोघांवर उपचार झाले. एकमेकांना मारायला निघालेले दोन कप्तान एकाच छताखाली पट्ट्या बांधून पडलेले. मी तिथे गेले होते तेव्हा मला म्युझियममधल्या तोफांपेक्षा ती खोलीच जास्त बघावीशी वाटली. आणि मग बाहेर धक्क्यावर जाऊन उभी राहिले, डावीकडे तो सिंहासारखा डोंगर, समोर लांबवर फेसाची पांढरी रेघ, आणि वारा थेट तोंडावर. पदर आवरेना. तेव्हा खरंच कळलं की इफिजिनिया बाहेर का निघाली नाही. तुम्ही १८९९ चं ते स्मारक बघितलंत का? दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांसाठी एकच खांब आहे.

आता तुमचा मुद्दा. फ्रेंच लढाई जिंकले पण त्यांच्याकडे मागून काही येणार नव्हतं. फ्रान्स लांब, वाटेवर ब्रिटिशांचा पहारा, तुटलेली डोलकाठी बदलायची तर लाकूड कुठून आणायचं? ब्रिटिशांकडे मात्र मुंबई, मद्रास, कलकत्ता आणि केप (आफ्रिकेचं दक्षिण टोक), चार दिशांनी माणूस आणि माल. सप्टेंबरमध्ये आणखी चकमकी झाल्या, आफ्रिकेन नावाची ब्रिटिश फ्रिगेट गेली आणि परत मिळाली, सिलोन नावाची दुसरी एक फ्रिगेट गेली आणि परत मिळाली, आणि तिला पकडणारी फ्रेंच व्हीनस मात्र डोलकाठ्या मोडल्यामुळे कमांडर आमलँसकट ब्रिटिशांच्या हाती आली. प्रत्येक वेळी ब्रिटिशांचं जहाज गेलं की दुसरं येत होतं, फ्रेंचांचं गेलं की गेलं.

मग २९ नोव्हेंबरला उत्तर टोकाला सत्तरच्या आसपास जहाजं येऊन उभी राहिली, आरमाराचा प्रमुख अ‍ॅडमिरल बर्टी आणि फौजेचा जनरल अ‍ॅबरक्रॉम्बी, खलाशी धरून दहा हजारांच्या आसपास माणसं. तिकडचे खडक बघून एवढा मोठा ताफा तिथून येणारच नाही असं फ्रेंचांना वाटत होतं. ब्रिटिशांनी मात्र ग्रँड पोर्टच्या मारानंतर आधी पाण्याची खोली मोजून घेतली होती, आणि हा धडा त्यांनी फार महाग किमतीत शिकला होता. दकाँकडे नियमित सैनिक दीड हजारही नव्हते. ३ डिसेंबरला बेट पडलं.

पण दकाँने शरण जाताना अटी चांगल्या मिळवल्या. त्याचे सैनिक कैदी न होता ब्रिटिश जहाजांतून फ्रान्सला परत जाणार, आणि बेटावरच्या लोकांचा धर्म, कायदे, चालीरीती तशाच राहणार. ब्रिटिशांना घाई होती, लोकांशी वैर नको होतं, त्यांनी मान्य केलं. १८१४ च्या पॅरिसच्या तहात मॉरिशस ब्रिटनकडे राहिलं आणि रियुनियन फ्रान्सला परत गेलं, ते आजही फ्रान्सचंच आहे. म्हणून तुम्हाला दुकानात क्रिओल (फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली), वर्तमानपत्रात फ्रेंच, आणि सरकारी कागदावर इंग्रजी दिसलं. गाड्या डाव्या बाजूने पण दिवाणी कायद्याचं मूळ नेपोलियनचं. एवढं सगळं त्या एका डिसेंबरच्या कागदात आहे.

प्रश्न : या लढायांत आपली माणसं होती का? का नुसते गोरे गोऱ्यांशी लढले?
(एक निवृत्त सैनिक, सातारा)

उत्तर : होती साहेब. १८०९ मध्ये ब्रिटिशांनी आधी रॉड्रिग्ज हे लहान बेट तळ म्हणून घेतलं, मॉरिशसच्या पूर्वेला सहाशे किलोमीटरच्या आसपास. तिथे कर्नल कीटिंगच्या हाताखाली गोऱ्या पलटणीबरोबर मुंबईच्या नेटिव्ह इन्फन्ट्रीचे शिपाई होते. त्या काळच्या मुंबईच्या फौजेत कोकणातली भरती भरपूर असायची. त्याच वर्षी सप्टेंबरात रियुनियनच्या सेंट पॉल बंदरावर धाड पडली, सहाशेच्या आसपास माणसं उतरली, तोफा घेतल्या, जहाजं घेतली. तिथल्या फ्रेंच जनरलने प्रतिहल्ला न करता माघार घेतली आणि काही दिवसांत आत्महत्या केली. पुढे १८१० च्या मोठ्या मोहिमेतही मुंबई, मद्रास, बंगालचे शिपाई होते.

आणि जहाजाचंही सांगते. वर जी सिलोन फ्रिगेट आली ना, जी गेली आणि परत मिळाली, ती मुंबईच्या गोदीत बांधलेली. आधी तिचं नाव बॉम्बेच होतं, ब्रिटिश नौदलाने विकत घेतल्यावर काही वर्षांनी बदललं. (द्यूपेरेने पकडलेलं सिलोन वेगळं, ते व्यापारी जहाज, पुष्कळ लोक गल्लत करतात.) मुंबईच्या सुतारांनी सागवानात उभं केलेलं जहाज, रियुनियनजवळच्या समुद्रात रात्रभर लढलं.

मला एका गोष्टीचं फार वाईट वाटतं. कप्तानांची नावं, त्यांच्या जखमा, त्यांची पत्रं, सगळं मिळतं. त्या शिपायांची नुसती संख्या मिळते. आणि बेटावरच्या माणसांचं त्याहून कमी. १८१० मध्ये बेटावरच्या दर पाच माणसांत चार किंवा जास्तच गुलाम होती, मादागास्कर आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आणलेली, काही भारतातूनही. ज्या अटींची मी वर तारीफ केली, कायदे आणि चालीरीती तशाच राहणार, त्यात गुलामीही तशीच राहिली. पंचवीस वर्षं. १८३५ मध्ये ती संपली तेव्हा वीस लाख पौंडांच्या आसपास भरपाई दिली, ती मालकांना. सांगलीच्या लेखक वाचकांनी हे जरूर वाचावं. तुमच्या कादंबरीत उसाचे मळे आहेत, पण ऊस तोडणारा एकही माणूस बोलत नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. मी मॉरिशसची. आमची पाचवी-सहावी पिढी. घरी आम्ही मराठी थोडी बोलतो, शाळेत शिकले म्हणून लिहिता येते, चुकलं तर माफ करा. आजी सांगायची आमचे लोक मुंबईच्या बोटीने आले. गाव कोणते ते कोणाला माहीत नाही. त्या जुन्या युद्धाचा आणि आमचा काही संबंध आहे का?
(एक वाचक, ब्लॅक रिव्हर, मॉरिशस)

उत्तर : अगं, माफी कसली, तुझं पत्र वाचून माझे डोळे भरून आले. किती नीट लिहिलं आहेस.

संबंध आहे, आणि थेट आहे. गुलामी संपताना मळेवाल्यांना मजूर हवे होते. बेट ब्रिटिशांचं, भारतातली बंदरंही ब्रिटिशांची, म्हणून १८३४ पासून करारावर माणसं न्यायला सुरुवात झाली. सगळ्यात जास्त कलकत्त्याहून, मग मद्रासहून, आणि त्याहून कमी मुंबईहून, त्यात रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा भागातले आपले लोक. १९२० च्या आसपासपर्यंत साडेचार लाखांच्या घरात माणसं पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरली. तिथल्या त्या सोळा दगडी पायऱ्या तू बघितल्या असशीलच, तुझ्या आजीच्या आजीची पावलं त्यांवर पडली असणार.

रियुनियन फ्रेंचांकडेच राहिलं म्हणून तिकडे गेलेले मजूर मुख्यतः पाँडिचेरी, कारैकलच्या बाजूचे, तमिळ जास्त. दकाँकडे अजून दोन पलटणी असत्या आणि बेट फ्रेंच राहिलं असतं, तर मुंबईच्या बोटींची वाट बहुतेक तुमच्याकडे वळलीच नसती. १८१० मध्ये विंडहॅम जहाज ब्रिटिशांनी परत पकडलं ते तुमच्याच ब्लॅक रिव्हरच्या समोरच्या समुद्रात. त्याच किनाऱ्याला पुढे मराठी वस्ती झाली, आणि आज गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते.

आता गाव शोधायचं. मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, करारावर आलेल्यांची जुनी रजिस्टरं तिथे जपून ठेवली आहेत. प्रत्येक माणसाला एक नंबर दिलेला असायचा. घरातल्या जुन्या कागदांत, जन्माच्या किंवा लग्नाच्या दाखल्यावर तो नंबर कुठे दिसतोय का ते आधी बघ. नसला तर ज्या पूर्वजाचं नाव सगळ्यात आधीचं माहीत आहे त्याचा दाखला काढ आणि तो घेऊन तिथे जा. रजिस्टरमध्ये जहाजाचं नाव, वय, बापाचं नाव, जिल्हा, परगणा आणि गाव असं लिहिलेलं असतं, काहींचे १८६० नंतरचे फोटोही आहेत. एक मात्र ध्यानात ठेव, लिहिणारा कारकून इंग्रज किंवा फ्रेंच, त्याने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं, त्यामुळे गावाचं नाव वाचून ओळखू येणार नाही. ते दोन-चार वेळा मोठ्याने म्हणून बघ. तरी नाही कळलं तर जसं लिहिलंय तसं अक्षर न् अक्षर उतरवून मला पाठव, आपण इथे छापू. कोकणातला आपला वाचकवर्ग मोठा आहे, आणि आपल्या गावाचं नाव माणूस कितीही मोडून लिहिलेलं असलं तरी ओळखतो.